सीओटू मशीनची तार अडकत येते? टिपेपासून मागे मागे तपासत जा

"दादा, तार अडकतेय. मशीन गेलं बहुतेक."

पावसाळ्यात माझा फोन वाजला की समोरून बहुतेक वेळा हेच ऐकू येतं. साकीनाक्याचा गाळा असो, भांडुपचा असो, नाहीतर कुर्ल्यात रस्त्यालगत ग्रिल आणि शटर बनवणारं दुकान असो. मी पोहोचतो तोवर रोलरवरचा दाबाचा स्क्रू शेवटपर्यंत पिळून झालेला असतो, तारेचा गुंता दोन-तीनदा कापून फेकलेला असतो आणि मालक नव्या मशीनचे भाव विचारत असतो. मशीन मात्र ठणठणीत असतं. बिघडलेली असते ती तारेची वाट.

सीओटू मशीन म्हणजे रिळावरची तार वितळवून लोखंड जोडणारं वेल्डिंग मशीन. त्यातले रोलर ही तार केबलमधून हातातल्या टॉर्चकडे ढकलतात. रिळापासून टॉर्चच्या तोंडातल्या टिपेपर्यंत तार तीन-चार मीटर सरकते, तीही आपण मागून ढकलतो म्हणून. दोरा ओढायला सोपा, ढकलायला अवघड. वाटेत कुठेही जरा घर्षण वाढलं की मागून ढकललेली तार पुढे न जाता मधेच वाकते. तक्रार एकच दिसते, कारणं मात्र आठ-दहा असतात. म्हणून फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी आणि खर्चाच्या नंतर, असा क्रम खाली दिला आहे. मधलं काही गाळू नका.

लक्षणं

आवाजावरून सुरुवात करा. सेटिंग आणि तार दोन्ही नीट असतील तर कढईत भजी तळताना येतो तसा सलग तडतडाट ऐकू येतो. तार अडखळत असेल तर तो मधेच तुटतो, फट्‌ फट्‌ करतो, आणि बीडवर, म्हणजे वेल्डच्या पट्टीवर, जाड-बारीक गाठी येतात.

तार वितळून टिपेलाच चिकटते. टिप बदलली की पाच मिनिटं बरं चालतं, पुन्हा तेच.

झाकणाच्या आत, रोलर आणि टॉर्चची केबल जिथे जोडली जाते तिथे, तारेचा गुंता होतो.

रोलर फिरतात पण तार जागच्या जागी. हात लावला तर तारेवर ओरखडे जाणवतात.

टॉर्च सरळ धरली की चालतं, कोपऱ्यात वाकवली की अडकतं. हे लक्षण आढळलं तर लिहून ठेवा, ते जवळजवळ नेहमी लाइनरकडे, म्हणजे केबलच्या आतल्या नळीकडे, बोट दाखवतं.

बटण दाबून तार हवेत सोडली तर सुरळीत येते, जॉबला, म्हणजे वेल्ड करायच्या लोखंडाला, लावली की अडखळते. म्हणजे वाट बरी आहे. क्लॅम्प (जॉबला लावायचा, करंट परत नेणाऱ्या वायरीचा चिमटा), सेटिंग किंवा लाइट बघा.

बीडला भोकं पडत असतील तर तो वेगळा आजार आहे. त्यावर पुढे थोडं लिहिलं आहे, कारण लोक हे दोन्ही एकत्र करतात आणि चुकीच्या ठिकाणी पैसे घालतात.

हात लावण्याआधी

टॉर्चचं बटण दाबलेलं असतं तेव्हा करंट फक्त टिपेबाहेरच्या तारेत नसतो. रोलर, रोलरमधली तार आणि रिळावरची सगळी तार वेल्डिंगच्या व्होल्टेजवर असते. झाकण उघडं ठेवून, घामाने ओल्या हातांनी तार चाचपत दुसऱ्याला "दाब रे बटण" म्हणणं मी इतक्या गाळ्यांमध्ये पाहिलं आहे की हे आधीच सांगतो. मुंबईत जून ते सप्टेंबर हातमोजे कोरडे राहत नाहीत, फरशीला ओल असते. अशा वेळी अंगाचा अडथळा कमी होतो आणि एरवी न जाणवणारा करंटही जोरात बसतो. आत हात घालायचा असेल तर मशीन बंद, प्लग बाहेर, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. बटण दाबूनच करायच्या तपासण्या दोन-तीनच आहेत. त्या करताना कोरडे हातमोजे, कोरडे बूट आणि डोळ्यांवर साधा पारदर्शक चष्मा हवा.

चष्म्याचं कारण सांगतो. माझ्याकडे काम शिकायला आलेल्या एका मुलाने तार का येत नाही म्हणून नोझल (टॉर्चच्या टोकाची, टिपेभोवतीची नळी) तोंडासमोर धरलं आणि आत बघत बटण दाबलं. अडकलेली तार सुटली आणि सरळ डोळ्याखाली गालात घुसली. बोटभर वर लागली असती तर डोळा गेला असता. त्या दिवसापासून माझ्याकडे नियम आहे: टॉर्चचं तोंड कधीच माणसाकडे नाही, स्वतःकडे तर नाहीच.

पहिली तपासणी: हाताने ओढून बघा

ही फुकट आहे आणि अर्धं निदान इथेच होतं, तरीही कुणी करत नाही.

प्लग काढा. रोलरवरचा दाबाचा हात उचला, म्हणजे तार मोकळी होते. केबल जमिनीवर सरळ पसरा. टिपेबाहेर आलेली तार पकडीत धरून सावकाश, सरळ रेषेत ओढा. सगळं ठीक असेल तर ती दोन बोटांच्या जोराने येते आणि मागे रीळ शांतपणे फिरतं.

जड लागली तर टिप काढा आणि पुन्हा ओढा. आता सहज आली तर दोष टिपेत. तरीही जड असेल तर रीळ हाताने थोडं उलगडून रीळ आणि रोलर यांच्या मधली तार सैल करा, मग ओढा. सुटली तर रिळाचा ब्रेक घट्ट आहे किंवा रिळावर तार एकीखाली एक दबली आहे. एवढं करूनही जड, तर लाइनर. आणि पहिल्यापासूनच तार लोण्यासारखी आली तर वाट साफ आहे, टिप आणि लाइनरवर एक रुपयाही खर्च करू नका, सरळ रोलरच्या तपासणीला या.

दाबाचा हात उचलताना तारेचं टोक मोकळं सोडू नका. रीळ स्प्रिंगसारखं उलगडतं आणि मग अर्धा तास त्याच्या मागे जातो.

केबल आणि रिळाचा ब्रेक

केबल खिळ्याला गुंडाळून टांगलेली, शिडीच्या पायरीतून काढलेली, किंवा गाळ्यात जागा नाही म्हणून तीन वेढे मारून पायाशी टाकलेली. मुंबईचे गाळे आठ-दहा फुटी, केबल तीन-चार मीटरची, म्हणजे वेढे पडणारच. पण प्रत्येक वेढा आत घर्षण वाढवतो. मोठा, मोकळा वळसा चालतो, घट्ट वेढा चालत नाही. जमलं तर मशीनच जॉबजवळ सरकवा.

ब्रेकची पारख सोपी आहे. तार पूर्ण वेगाने सोडा आणि बटण सोडा. रीळ लगेच थांबलं पाहिजे, सुटून पुढे फिरता कामा नये. फिरलं तर वेढे सैल पडून एकमेकांत अडकतात. आणि हाताने फिरवताना अंगठा दुखला तर ब्रेक जास्त आहे. मधला नट पाव-अर्धा आटा फिरवून जुळवा.

टिप

मागच्या जुलैत भांडुपच्या एका गाळ्यात गेलो होतो. सोसायटीचं गेट द्यायची तारीख उलटून गेलेली, मालक वैतागलेला. झाकण उघडलं तर रोलरखाली तांबूस भुकटी सांडलेली होती, देव्हाऱ्यात कुंकू सांडावं तशी. ते तारेवरचं तांबं होतं, जास्त दाबामुळे रोलरने खरवडून काढलेलं. टिप काढून खिडकीच्या उजेडात धरली. भोक गोल नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं, आणि एका कडेला चकाकणारा खड्डा पडला होता. तार कित्येक दिवस त्याच कडेला घासत होती. हेल्परने ती टिप दर दोन दिवसांनी ड्रिलने "साफ" केली होती. वडापावच्या पैशात येणारी वस्तू वाचवण्यासाठी दोन दिवसांचं काम गेलं.

टिपेचं काम तार सरळ ठेवण्यापुरतं नाही. केबलमधला करंट तारेत इथेच उतरतो. भोक मोठं किंवा लांबट झालं की तार कधी टेकते, कधी टेकत नाही. टेकली नाही की तिथेच आत ठिणगी पडते, तार वितळते आणि टिपेला चिकटते. म्हणून ड्रिल, कानस, सुई यांपैकी काहीही टिपेत घालू नका. आणि "०.८ मिमीच्या तारेला १.० ची टिप लावू, अडकणार नाही" हा सल्ला तर ऐकूच नका. त्याने अडकणं वाढतं, कारण वर सांगितलंच.

पारख अशी करा. त्याच तारेचा वीतभर सरळ तुकडा कापा, टोक कानसीने गोल करा आणि टिपेत घाला. टिप उभी धरली की तुकडा स्वतःच्या वजनाने खाली सरकला पाहिजे, पण आत खुळखुळता कामा नये. टिपेवर माप कोरलेलं असतं, ते तारेच्या मापाशी जुळवा. नवी टिप पान्याने नीट आवळा, कारण सैल टिप तापते आणि तापलेली टिप तार धरते. नोझलमध्ये साठलेला स्पॅटर, म्हणजे उडून चिकटलेले लोखंडाचे थेंब, तेही त्याच वेळी काढा. मी गाळ्यातल्या डब्यात नेहमी दहा टिपा ठेवायला सांगतो. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात गेलात तर पाकीटच घ्या, एकेक सुटी टिप घेऊ नका.

रोलर: खाच बघा, मग दाब

बहुतेक रोलरवर दोन खाचा असतात आणि बाजूला मापं कोरलेली असतात, ०.८ आणि १.० अशी. रीळ बदलताना रोलर उलटा करायचा राहून गेला की बारीक तार मोठ्या खाचेत लोळते. कोरलेला आकडा समोरच्या खाचेचा की मागच्या, हे मशीनप्रमाणे बदलतं. म्हणून आकड्यावर विसंबू नका, तार खाचेत ठेवून बघा. ती खाचेच्या दोन्ही भिंतींवर टेकली पाहिजे, तळाशी बसता कामा नये. भरीव लोखंडी तारेला इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच, अॅल्युमिनियमला गोल बुडाची, आणि आत फ्लक्स (वेल्डला हवेपासून वाचवणारी पूड) असलेल्या तारेला दातेरी खाच लागते. भरीव तारेवर दातेरी रोलर लावला तर तारेवर दाते उमटतात आणि ती तार पुढे लाइनर आणि टिप दोन्ही कानशीसारखी घासत जाते.

आता दाब. इथे माझं ठाम मत आहे: तार अडकली की दाब वाढवणं हीच या आजाराची सर्वात मोठी चूक आहे. दाब वाढवला की तार चपटी होते. चपटी तार टिपेत आणखी अडकते. पुढे अडकली आणि मागून रोलर घट्ट धरून ढकलतोच आहे, मग तार जाणार कुठे? रोलर आणि केबलच्या मधल्या उघड्या जागेत गुंता होतो. योग्य दाबाला अडथळा आल्यावर रोलर घसरतो, गुंता होत नाही. घसरणारा रोलर म्हणजे बिघाड असं समजू नका, ती मशीनची सुरक्षा आहे.

दाब जुळवायची माझी पद्धत: स्क्रू पूर्ण सैल करा. कोरड्या लाकडाचा ठोकळा घ्या, लोखंड नको, कारण बटण दाबल्यावर तारेत करंट असतो. क्लॅम्प जॉबवरून आणि ठोकळ्यापासून लांब ठेवा. टॉर्च ठोकळ्यापासून दोन इंचांवर तिरकी धरून बटण दाबा. तार लाकडाला टेकून रोलर घसरेल. मग पाव-पाव आटा आवळत जा. तार लाकडावर टेकूनही न थांबता वळून गोल गुंडाळू लागली की थांबा. एवढाच दाब. त्यानंतर कुणी स्क्रूला हात लावू नये म्हणून मी रंगाच्या पेनाने खूण करून ठेवतो.

रोलरनंतर तार ज्या नळीत शिरते ती नळी आणि रोलर यांच्यात अगदी थोडंच अंतर हवं, एक-दोन मिलिमीटर. तार तिच्यात सरळ रेषेत शिरली पाहिजे. टॉर्चचा जोड सैल असेल तर हे अंतर वाढतं आणि गुंता नेमका तिथेच होतो.

क्लॅम्प आणि सेटिंग

तार हवेत नीट, जॉबवर अडखळते, तेव्हा आधी क्लॅम्प. गंजलेल्या किंवा रंगवलेल्या पाइपवर क्लॅम्प लावला की करंट धड परत येत नाही, आर्क, म्हणजे तार आणि जॉबमधली सलग ठिणगी, मधेच विझतो आणि वाटतं तार थांबली. जॉबच्या शक्य तितक्या जवळ, ग्राइंडरने चकचकीत केलेल्या जागी क्लॅम्प लावा. काम संपल्यावर क्लॅम्प हाताने चाचपा. तो जॉबपेक्षा जास्त तापला असेल तर त्याचा जोड खराब आहे.

सोसायटीत ग्रिल बसवताना क्लॅम्प पाण्याच्या पाइपला, लिफ्टच्या रुळाला किंवा इमारतीच्या उघड्या सळईला कधीच लावू नका. परतीचा करंट मग कुठून जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. तो दुसऱ्याच्या घरातल्या अर्थिंगच्या वायरीतून जाऊन ती जाळू शकतो. शटर दुरुस्त करताना क्लॅम्प आणि वेल्ड यांच्या मधे बेअरिंग येऊ देऊ नका, करंट बेअरिंगमधून गेला की गोळ्या खराब होतात.

सेटिंगचं थोडक्यात. तारेचा वेग कमी आणि व्होल्टेज जास्त असलं की तार टिपेकडे जळत मागे येते आणि चिकटते. उलट, वेग जास्त आणि व्होल्टेज कमी असलं की तार जॉबला ठोसे मारते, टॉर्च हातात मागे ढकलली जाते. हा धक्काही लोक "तार अडकते" म्हणूनच सांगतात. ०.८ ची तार, सीओटू गॅस आणि ३ मिमी एमएस (साध्या लोखंडाच्या) पट्टीला मी साधारण १८-१९ व्होल्टपासून सुरू करतो आणि तारेचा वेग आवाजावर जुळवतो. टिपेपासून जॉबपर्यंत तार १०-१२ मिमी ठेवा. टिप जॉबला चिकटवून काम करणाऱ्याची टिप रोज जळणार.

छोटं बिनगॅसचं मशीन घेतलं असेल तर आणखी एक गोष्ट: गॅसवर चालणाऱ्या भरीव तारेला टॉर्च प्लसला, आणि बिनगॅसच्या फ्लक्सवाल्या तारेला टॉर्च मायनसला. मशीनच्या आत किंवा पुढच्या बाजूला जोड बदलायची सोय असते. उलटी जोडणी असली तर स्पॅटर एवढा उडतो की नोझल तासाभरात भरतं.

तारच गंजली असेल तर

मुंबईत हा प्रश्न पुण्या-नाशिकपेक्षा जास्त येतो, कारण हवेत ओलावाही आहे आणि मीठही. तारेवरचा तांब्याचा लेप पातळ असतो. पावसाळ्यात मशीनवर आठ-पंधरा दिवस तसंच राहिलेलं रीळ वरून तपकिरी होतं. पांढऱ्या कोरड्या कापडात तार धरून हातभर ओढा. कापडावर तांबूस-तपकिरी पट्टा उमटला तर वरचे वेढे काढून खालची तार बघा. खाली चकचकीत असेल तर तेवढे वेढे फेका आणि काम सुरू ठेवा. खालीही डाग असतील तर रीळ भंगारात. गंज लाइनरमध्ये साचतो, टिप खातो आणि बीडमध्ये भोकंही करतो.

गंज काढायला तारेला तेल लावू नका. हे मी विनवणी करून सांगतो, कारण तेल लावलेलं रीळ मी दर पावसाळ्यात पाहतो. तेलाने तार सरकते खरी, पण आर्कमध्ये तेल जळून बीड चाळणीसारखं होतं. थिनर किंवा ब्रेक साफ करायचा स्प्रेही नको. अशा द्रवात क्लोरीन असेल तर त्याची वाफ आर्कच्या उजेडात आणि उष्णतेत फॉस्जीनसारखा विषारी वायू करते. रोलरच्या आधी तारेवर कोरड्या फेल्टचा तुकडा चिमट्याने अडकवा, तो धूळ पुसून घेतो. रात्री रीळ उतरवून प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बांधून ठेवा. काम कमी असेल तर पावसाळ्यात १५ किलोऐवजी ५ किलोचं रीळ घ्या. किलोमागे थोडं महाग पडतं, पण अर्धं रीळ फेकण्यापेक्षा स्वस्त.

लाइट आणि एक्स्टेन्शन

दुपारी शेजारच्या गाळ्यातला कॉम्प्रेसर सुरू झाला की तुमची तार दमते, रात्री तेच मशीन छान चालतं. असं असेल तर व्होल्टेज पडतंय. मशीन २३० व्होल्टचं आणि वापरायला दीड स्क्वेअर मिमीची, वीस मीटर लांब, तीही गुंडाळलेली एक्स्टेन्शन, मग तारेची मोटर कुठून वेग पकडणार? मोठ्या करंटवर सिंगल फेज मशीन घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला झेपत नाही. निदान ४ स्क्वेअर मिमीची तांब्याची केबल लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून घ्या, शक्य तितकी आखूड, आणि वापरताना पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळलेली केबल स्वतःच्याच उष्णतेने वितळते. अर्थिंगची तिसरी वायर तोडून दोन पिनवर मशीन चालवत असाल तर आधी तिथेच थांबा. मीटरच्या बाजूचं काम, आकडा, नवा पॉइंट, यात स्वतः हात घालू नका.

गॅसचा आजार वेगळा

भोकं पडतात आणि आवाज फुटतो, तेव्हा तार नाही, हवा बघा. उकाड्यात पंखा थेट वेल्डरवर सोडलेला असतो आणि गॅस उडून जातो. पंखा पाठीमागून, धूर बाजूला नेईल असा ठेवा. गॅसचा फ्लो मिनिटाला १० ते १५ लिटर पुरतो. सीओटूच्या रेग्युलेटरवर बर्फ धरला असेल तर त्याच्या हीटरचा प्लग लावायचा राहिला आहे. सिलिंडर उभाच ठेवा आणि साखळीने बांधा, आडवा केला तर द्रव रेग्युलेटरमध्ये येतो. आतला सीओटू द्रव असेपर्यंत मीटरचा काटा जवळपास हलत नाही, त्यामुळे सिलिंडर किती भरला आहे ते काट्यावरून नाही, वजनावरून कळतं. आणि हा वायू हवेपेक्षा जड आहे. खड्ड्यात, टाकीत किंवा बंद तळघरात काम करताना तो खाली साचतो आणि माणूस काही कळायच्या आत गुदमरतो. तिथे एकट्याने काम नको.

लाइनर

आतापर्यंतच्या सगळ्यातून काही निघालं नाही, किंवा ओढून बघताना दोष लाइनरवर आला, तर मगच हे. लाइनर म्हणजे केबलच्या आतली स्प्रिंगची नळी. बारीक तारेसाठी, ०.६ ते ०.९, साधारण निळा, १.० ते १.२ साठी लाल, त्याहून जाड तारेला पिवळा. आधी साफ करून बघा: तार रिळावर परत गुंडाळून टोक अडकवा, टिप आणि नोझल काढा, केबल सरळ पसरा आणि मशीनकडच्या टोकातून कॉम्प्रेसरची हवा मारा. पुढचं तोंड कापडात धरा, चष्मा घाला. बाहेर पडणारी काळी-तांबूस धूळ बघितली की तार का अडत होती ते कळेल. प्रत्येक नव्या रिळाला हे केलं तर लाइनर खूप टिकतो.

फुंकूनही फरक नाही, किंवा केबल कुठे चेपली गेली आहे, तर लाइनर बदला. यात चूक एकाच ठिकाणी होते, कापण्यात. केबल पूर्ण सरळ ठेवून नवा लाइनर थोडा थोडा करत सरकवा, मागचा नट आवळा आणि मगच पुढून कापा. लाइनर टिप होल्डरच्या तळाला टेकला पाहिजे. आखूड कापला तर तिथे पोकळी राहते आणि तार आतच वाकते, मग नव्या लाइनरनेही जुनाच आजार. म्हणून आधी जरा लांब कापा, बसवून बघा, उरलेलं कानसीने कमी करा. कापलेल्या टोकाची आतली धार खिळ्याच्या टोकाने मोकळी करा, नाहीतर तीच तार खरवडत राहील.

इथे थांबा

तुमची हद्द मशीनच्या बाहेरच्या स्क्रूंपर्यंत. रिळाचं झाकण आपलं, मोठं कव्हर आपलं नाही. इन्व्हर्टर मशीनच्या आत मोठे कपॅसिटर असतात. सिंगल फेजवर त्यांत तीनशेच्या वर, थ्री फेजवर साडेपाचशेच्या वर डीसी व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहतात. हा शॉक जीव घेतो.

खालीलपैकी काहीही झालं तर मशीन बंद करून जाणकार बोलवा. मशीनच्या पत्र्याला किंवा जॉबला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. एमसीबी किंवा आरसीसीबी (धोका आला की लाइट आपोआप तोडणारे स्विच) पुन्हा पुन्हा पडतो, तो बांधून ठेवू नका. जळका वास येतो. टॉर्चचा मागचा जोड काळा पडला आहे किंवा वितळला आहे. तार काढून टाकल्यावरही मोटर गुरगुरते, थांबून थांबून फिरते किंवा वेगाचा नॉब फिरवून फरक पडत नाही. हे मोटरचे ब्रश किंवा आतल्या सर्किट कार्डचं काम आहे. पिवळा दिवा लागला तर मात्र आधी पंखा चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मशीन फक्त तापलं असेल. गाळ्यात पावसाचं पाणी शिरून मशीन भिजलं असेल तर पुसून, उन्हात ठेवून चालू करायचा मोह टाळा. आत साचलेली ओलसर धूळ करंट वाहून नेते.

डोळे चुरचुरले, वाळू गेल्यासारखे वाटले तर बटाट्याचे काप किंवा गुलाबपाणी नको, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. गॅल्व्हनाइज्ड पाइपवर काम केल्यावर संध्याकाळी थंडी वाजून ताप आला तर ते पावसाचं पडसं समजू नका, झिंकचा धूर आहे, डॉक्टरांना काय वेल्ड करत होतात ते सांगा. वरच्या मजल्यावर काम असेल आणि खाली कपडे, स्कूटर, थर्माकोल किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ पाइप गॅसची लाइन असेल, तर आधी ते हलवा किंवा झाका. लाइन हलवता येत नाही, तेव्हा ते काम गाळ्यातच वेल्ड करून आणा आणि जागेवर बोल्टने बसवा. काम संपल्यावर अर्धा-एक तास कुणीतरी तिथे थांबलं पाहिजे, ठिणगी कापसात किंवा भुश्शात बराच वेळ धुमसते.

दुरुस्तीला मशीन नेताना एक गोष्ट विसरू नका. लोक टेम्पोत फक्त मशीन चढवतात, टॉर्च आणि रीळ गाळ्यातच राहतं. दुकानात दुसरी टॉर्च लावली की मशीन उत्तम चालतं, दुरुस्तीवाला "काही बिघाड नाही" म्हणून परत देतो आणि दुसऱ्या दिवशी तार पुन्हा अडकते. तीच टॉर्च, तीच टिप, तेच रीळ आणि तोच क्लॅम्प बरोबर न्या, आणि कोणत्या सेटिंगला, कुठल्या जाडीवर, सुरू केल्यापासून किती वेळाने अडकते ते कागदावर लिहून टॉर्चला चिकटवा.